कूलंट कुठून गळतंय ते शोधायचं कसं आणि मग दुरुस्त करायचं कसं (मिड-इंजिनवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या)

इंजिन गार ठेवणारं टाकीतलं कूलंट दर आठवड्याला थोडं थोडं कमी होतंय, गाडीखाली मात्र एक थेंब नाही, आणि गाडी लावून उतरलं की कुठूनतरी गोडसर वास येतो. हे ओळखीचं वाटत असेल तर पुढचं वाचा. खाली सरळ थारोळंच साचत असेल तरी वाचा, कारण थारोळं जिथे तिथेच लीक असं धरून मी दोन वीकेंड आणि एक धडधाकट वॉटर पंप वाया घालवलाय.

स्पोर्ट्स कारमध्ये हे प्रकरण जास्त फसवं असतं. साध्या गाडीत रेडिएटर, पंप, होज सगळं बोनेटखाली एका जागी, वाकून बघितलं की दिसतं. इथे बऱ्याच गाड्यांत इंजिन सीटच्या पाठीमागे (तेच मिड-इंजिन) नाहीतर पार मागे, रेडिएटर पुढे नाकात, मधे गाडीच्या पोटाखालून जाणारे लांबच लांब पाइप, आणि खालून सगळीकडे स्क्रू मारून बसवलेला प्लास्टिकचा अंडरट्रे. गळालेलं कूलंट आधी ट्रेवर पडतं, गाडी चालताना हवेने मागे सरकतं आणि ट्रेला जिथे भोक असेल तिथून खाली येतं, म्हणजे अगदी आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. त्यात टर्बो असेल तर एक्झॉस्टच्या आसपास पडलेलं कूलंट जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच वाफ होऊन जातं, मागे फक्त एक पांढरट डाग राहतो.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. गरम इंजिनवर टाकीची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही, कपडा धरून हळूच पण नाही. सिस्टीममध्ये साधारण १ बारच्या आसपास प्रेशर असतं आणि त्या प्रेशरमुळेच निम्मं कूलंट निम्मं पाणी हे मिश्रण १२५ अंशाच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही, कॅप काढली की प्रेशर एकदम जातं आणि ते सगळं तुमच्या हातातोंडावर उकळतं. किमान दोनेक तास थांबा, वरचा होज हाताने दाबून बघा, मऊ आणि गार लागला तरच पुढे. दुसरं म्हणजे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या जातात, त्यामुळे काढलेलं कूलंट उघड्या टबात ठेवून जेवायला जाऊ नका, लगेच झाकणवाल्या कॅनमध्ये भरा, गटारात ओतू नका. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

आता पहिलं काम, खरंच कूलंट आहे का ते बघा. एसी लावून आलात तर गाडीखाली पाणी पडणारच, ते साधं पाणी असतं, वास नाही, चिकटपणा नाही. पांढरा टिश्यू टेकवा, रंग उतरला आणि बोटांमध्ये चोळल्यावर बुळबुळीत लागलं तर कूलंट. मग टाकीवर, इंजिन पूर्ण गार असताना, मार्करने लेव्हलची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. गरम असताना लेव्हल वर चढते म्हणून रोज सकाळी, गाडी हलवायच्या आधी, त्याच सपाट जागेवर बघायचं. चार-पाच दिवसांत कळतं की आठवड्याला अर्धा कप जातंय का रोज अर्धा लिटर. अर्धा कप असेल तर निवांत शोधा. रोज अर्धा लिटर असेल तर गाडी घराबाहेर काढू नका, तेवढ्यात जाऊन येतो म्हणून निघालेल्यांचीच इंजिनं उघडावी लागतात.

नाकावर पण भरवसा ठेवा. केबिनमध्ये गोड वास, काचेवर आतून तेलकट धुकं, पायाखालचं कार्पेट ओलं, तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा डॅशमागचा छोटा रेडिएटर. पुढच्या बंपरपाशी वास तर रेडिएटर किंवा त्याचे होज. ट्रॅकवरून नाहीतर घाटातून जोरात आल्यावर मागून वास येत असेल तर पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) ज्यात बसतो ते हाउसिंग नाहीतर टर्बोच्या लाइन.

नंतर अंडरट्रे काढायचा. कंटाळवाणं आहे, वीस-पंचवीस स्क्रू असतात आणि दोन तरी गंजलेले निघतात, पण ट्रे लावून ठेवून लीक शोधणं म्हणजे निव्वळ अंदाज. ट्रे काढल्यावर लगेच धुवायला घेऊ नका! आधी टॉर्च मारून डाग बघा, वाळलेलं कूलंट सुंदर खुणा सोडतं, पांढरी, गुलाबी नाहीतर हिरवी पापडी, एखाद्या जॉइंटपासून सुरू होऊन खाली ओघळलेली. ओघळाचं सगळ्यात वरचं टोक शोधा, लीक तिथे किंवा त्याच्या वर. हात जात नसेल तिथे मोबाइल घालून व्हिडिओ काढा, मग बाहेर बसून स्लो करून बघा, मला तरी आरशापेक्षा हे सोपं पडतं. फोटो काढून झाले की मग सगळं धुऊन पुसून कोरडं करा.

आता खरं हत्यार, प्रेशर टेस्टर. हातपंप, गेज आणि तुमच्या टाकीला बसणारं अॅडॅप्टर, बास. टाकीची कॅप काढून तिथे लावायचं आणि कॅपवर जेवढा आकडा लिहिलाय तेवढंच प्रेशर भरायचं, कॅपवर १.१ लिहिलं असेल तर १.१ बार, जास्त भरून ताकद बघायला जाऊ नका, जुना रेडिएटर तिथेच फुटेल. भरल्यावर पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या. काटा जागचा हलला नाही तर त्या क्षणी त्या तापमानाला लीक नाही. खाली आला तर कुठेतरी बाहेर पडतंय, गाडीभोवती फिरा, ऐका, टॉर्च मारा. इंजिन बंद, पंखा बंद, पट्टा फिरत नाही, त्यामुळे थेंब जिथून निघतो तिथेच दिसतो.

मी नेमका इथे चुकलो होतो. माझी गाडी मिड-इंजिन, डाव्या मागच्या चाकाच्या आत रोज सकाळी एक हाताच्या पंजाएवढं थारोळं. वॉटर पंप बरोब्बर त्याच्या वर. गॅरेजवाला म्हणाला पंपच, मी म्हटलं पंपच, पंप बदलला, कूलंट भरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी थारोळं हजर. मग टेस्टर आणला, गाडी फिरवून आणून कोमट असताना लावला, अर्धा तास काटा ढिम्म हलला नाही. डोकं फिरायची वेळ. शेवटी एकदा पहाटे, रात्रभर गार पडलेल्या इंजिनवर लावला तर चार मिनिटांत काटा घसरायला लागला, आणि थर्मोस्टॅट हाउसिंगवरच्या होजच्या क्लॅम्पपाशी एक बारीकसा मणी तयार झाला, फुगला, पाइपच्या पोटावरून हळूहळू घरंगळत मागे गेला आणि हातभर लांब एका ब्रॅकेटवरून टपकन खाली, बरोब्बर पंपाखाली. पंप बिचारा निर्दोष होता. क्लॅम्प साधा स्क्रूवाला, कोणीतरी आधी बदललेला, गार झाल्यावर रबर आणि नळी आकसायची आणि क्लॅम्प मात्र तेवढाच राहायचा, गरम झालं की परत घट्ट. म्हणून सांगतो, टेस्ट दोनदा करा, एकदा पूर्ण गार आणि एकदा गाडी फिरवून आणल्यावर कोमट, पण तेव्हाही थांबून, वरचा होज मऊ पडल्यावरच कॅप काढायची. काही लीक फक्त गार असताना होतात, काही फक्त गरम असताना, आणि दुसऱ्या जातीचे बहुतेकदा प्लास्टिकच्या तड्यांमधून.

कॅप पण टेस्ट करा, बहुतेक किटमध्ये त्याचं अॅडॅप्टर असतं. कॅप तिच्या आकड्याच्या खूप आधीच हवा सोडत असेल तर कूलंट ओव्हरफ्लोमधून बाहेर जातं आणि आपण लीक शोधत बसतो. आकडा तोच असलेली नवीन कॅप घ्या, जास्त प्रेशरची लावली की जास्त चांगली असं काही नसतं.

हे करूनही सापडत नसेल तर यूव्ही डाय. कूलंटवाला डाय टाका (तेलाचा वेगळा असतो), आठवडाभर गाडी चालवा, रात्री अंधारात यूव्ही टॉर्च मारा, पोपटी चमकतं. अगदी सावकाश झिरपणाऱ्या लीकला हाच उपाय, पण आधी इंजिन धुतलेलं नसेल तर जिकडेतिकडे चमकतं आणि अजून गोंधळ होतो.

बघायचं कुठे कुठे, तर होजची टोकं आणि क्लॅम्प सगळ्यात आधी. मग एक्स्पान्शन टाकी, प्लास्टिकची असते आणि वर्षानुवर्ष गरम-गार होऊन जोडावर तडकते, ई४६ बीएमडब्ल्यूवाल्यांना हे सांगायला नको. पोर्शेच्या ९८६ बॉक्सटरला टाकी मागच्या डिकीत आहे, तिथलं कार्पेट ओलं लागलं तर सामान काढून टाकी बघा. माझदाच्या जुन्या एमएक्स-५ ला रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी, ती तपकिरी-हिरवट दिसायला लागली की म्हातारी झाली समजायचं, फुटायची वाट बघू नका. माझदाच्याच एफडी आरएक्स-७ मध्ये कूलंटमधली हवा वेगळी करणारी एक छोटी प्लास्टिकची एअर सेपरेटर टाकी आहे, ती फुटून इंजिनं गेलीयेत, लोक अॅल्युमिनियमची लावतात. पोर्शे ९११ च्या ९९६ टर्बो आणि जीटी३ मध्ये तर इंजिनावरची काही कूलंट फिटिंग चक्क ग्लूने चिकटवलेली आहेत, जुनी झाली की सुटतात, आणि सुटली की सगळं कूलंट मागच्या टायरखाली, वेगात असताना याचा काय अर्थ होतो ते तुम्हाला कळतं, म्हणून लोक ती वेल्ड करून घेतात किंवा पिन मारून घेतात.

वॉटर पंपाला खाली एक छोटं भोक असतं, वीप होल, आतलं सील गेलं की तिथून गळतं. तिथे थोडी पापडी चालते, पण ओला ओघळ दिसला तर पंप गेला. पट्टा काढून पुली हाताने हलवा, डगडगली तरी गेला. टर्बोच्या कूलंट लाइनला बॅन्जो बोल्टखाली (मधून पोकळ असलेला, कूलंट आतून जाऊ देणारा बोल्ट) तांब्याचे वॉशर असतात, ते परत वापरले की झिरपतात, कधीही उघडले तर नवीन टाका.

आता दुरुस्ती. होज असेल तर स्वतः करा, सहज जमतं. कूलंट काढा, पण किती मोठं भांडं लागेल ते आधी मॅन्युअलमध्ये बघा, रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असलेल्या गाड्यांत लांब पाइपांमुळे ढीगभर कूलंट बसतं, वॉटर-कूल्ड ९११ मध्ये वीस लिटरच्या आसपास. दहा लिटरचा टब ठेवून वीस लिटरचा ड्रेन उघडलेला माणूस मी बघितलाय, आरशात. जुना होज चिकटला असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, नळी प्लास्टिकची असेल तर मोडेल आणि अॅल्युमिनियमची असेल तर ओरखडा पडेल आणि त्या ओरखड्यातून नवीन होज पण गळेल. होज बदलायचाच आहे ना, मग ब्लेडने लांबीच्या दिशेने हलक्या हाताने कापा आणि केळ्यासारखा सोला. नळीवरची पांढरी पापडी स्कॉचब्राइटने घासून गुळगुळीत करा, खड्डे पडले असतील तर ती नळी किंवा हाउसिंगच बदला. नवीन होज आतून थोड्या कूलंटने ओला केला की सरकतो, ग्रीस किंवा ऑइल लावू नका, त्याने रबर फुगतं. सिलंट पण नको. क्लॅम्प नळीच्या टोकाच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही. आणि क्लॅम्प शक्यतो स्प्रिंगवाला, जो रबराबरोबर स्वतःच आवळतो आणि सैल होतो, माझं थारोळं त्यानेच बंद झालं. स्क्रूवाला लावायचाच असेल तर रबर बाहेर फुगेपर्यंत आवळू नका आणि एकदा गरम-गार झाल्यावर परत चेक करा.

पंप बदलताना जास्त वेळ जातो तो जुनं गॅस्केट खरवडण्यात. प्लास्टिकची पट्टी वापरा, अॅल्युमिनियमवर लोखंडी पातं चालवू नका. बोल्ट आधी हाताने सगळे लावून घ्या, मग टॉर्क रेंच, मॅन्युअलमधला आकडा आणि आडवा-तिडवा क्रम, कारण अॅल्युमिनियममध्ये आटे गेले की एका दिवसाचं काम आठवड्याचं होतं. जुन्या पंपाचा इंपेलर, म्हणजे कूलंट ढकलणारा आतला पंखा, प्लास्टिकचा असेल तर पाती मोजा. एखादं तुटलं असेल तर तो तुकडा आत कुठेतरी फिरतोय, तो शोधल्याशिवाय बंद करू नका. एवढं उघडलंयच तर थर्मोस्टॅट आणि त्याची ओ-रिंग पण नवीन.

रेडिएटरचं म्हणाल तर प्लास्टिक टाकी आणि अॅल्युमिनियमच्या जाळीमधल्या जोडातून गळायला लागला की बदला. इपॉक्सीने काही दिवस चालेल, ट्रॅकवर नाही. लोटस एलिससारख्या गाडीत त्यासाठी पुढची अख्खी बॉडी, ती क्लॅम म्हणतात ती, सैल करावी किंवा काढावी लागते, त्यामुळे एकदाच करा आणि होज पण त्याच वेळी बदला. मिड आणि रिअर इंजिनवाल्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटर बंपरच्या हवा घेणाऱ्या तोंडांमागे असतात, तिथे पानं आणि माती साचते, ओली राहते आणि जाळी सडते, वर्षातून एकदा बंपर काढून साफ करा. बाटलीतलं लीक-स्टॉप? मला विचाराल तर नको. ते जिथे गळतंय तिथे बसतं तसं हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये पण बसतं. रानात अडकलात आणि घरी पोचायचंय एवढ्यापुरतं ठीक.

परत भरताना रंग बघून कूलंट घेऊ नका, रंगाला काही नियम नाही, दोन कंपन्यांचं गुलाबी वेगवेगळ्या रसायनांचं असू शकतं आणि चुकीचं मिसळलं की चिखलासारखा गाळ होऊ शकतो. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बाटलीवर दिसलं पाहिजे. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं, रेडिमिक्स असेल तर पाणी घालायचं नाही. ट्रॅकला जाणाऱ्यांनी एवढं बघून घ्या की काही ठिकाणी ग्लायकॉल चालतच नाही, सांडलं तर ट्रॅक बर्फासारखा होतो म्हणून, तिथे पाणी आणि गंजरोधक अॅडिटिव्ह एवढंच.

आणि आता एअर लॉक, लीक दुरुस्त करून इंजिन इथे मारतात लोक. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधले पाइप जवळजवळ आडवे, हवा कुठेही अडकून बसते. टेम्परेचर सेन्सर हवेच्या फुग्यात असेल तर तो खोटं सांगतो, काटा मधोमध आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, भाजतंय. तसाही बऱ्याच नव्या गाड्यांचा काटा मुद्दाम मधे खिळवलेला असतो, दहा-वीस अंश वर-खाली झालं तरी हलत नाही, त्यामुळे ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून खरा आकडा बघा. सगळ्यात सोपा मार्ग व्हॅक्यूम फिलर, तो आधी सिस्टीममधली हवा ओढून घेतो, काटा पाच मिनिटं टिकला तर लीक नाही याची आणखी एक खात्री, मग नळी कूलंटमध्ये बुडवून व्हॉल्व्ह उघडला की सिस्टीम स्वतःच पिऊन घेते. नसेल तर जुनी पद्धत: गाडी सपाट किंवा टाकी आणि ब्लीड स्क्रू (हवा सोडायचे स्क्रू) सगळ्यात वर येतील अशी, हीटर फुल गरम, हळूहळू भरायचं, ब्लीड स्क्रूमधून फुगे थांबून अखंड धार आली की बंद करायचं. टोयोटाच्या एसडब्ल्यू२० एमआर२ ला पुढे रेडिएटरला आणि हीटरला वेगळे ब्लीड पॉइंट आहेत, एकच केला की अर्धवट राहतं. मग इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू, पंखा एकदा लागून बंद होऊ दे. हीटरमधून आयडलला गार हवा येत असेल, डॅशमागे गुळगुळ आवाज येत असेल, आकडा उड्या मारत असेल, तर हवा आहे, गार करून परत.

प्रेशर जातंय पण बाहेर कुठेच थेंब नाही अशी वेळ आली तर मन घट्ट करा. सगळे स्पार्क प्लग काढून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा एकदम धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय. ब्लॉक टेस्टर, म्हणजे निळं लिक्विड भरलेली नळी, टाकीच्या तोंडावर लावून इंजिन चालू करा, निळं लिक्विड पिवळं झालं तर जळालेला गॅस कूलंटमध्ये येतोय, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेलंय किंवा तडा पडलाय. त्या नळीत कूलंट जाऊ देऊ नका, नाहीतर रिझल्ट चुकतो. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा होत असेल तर तेच. ऑइल कॅपखाली थोडा मलईसारखा थर फक्त छोट्या फेऱ्यांमुळे पण येतो, त्यावरून घाबरू नका, पण डिपस्टिकवर पण तोच रंग असेल तर इंजिन परत चालू करू नका. ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळायला कधीकधी ऑइल कूलर पण कारण असतो, हेड उघडायच्या आधी तो टेस्ट करून घ्या. रोटरीवाल्यांना (आरएक्स-७ सारखं, पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेलं इंजिन) हेड गॅस्केट नाही, हाउसिंगमधली कूलंट सील आहेत, आणि ती गेली तर इंजिन उघडण्यावाचून मार्ग नाही.

सगळं नीट झालंय असं वाटलं की अंडरट्रे लगेच लावू नका. परत गार इंजिनवर प्रेशर टेस्ट, मग घराच्या जवळपास वीस मिनिटांचा राउंड, गाडीत पाणी आणि टॉर्च ठेवून. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी मार्करची रेघ बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत लेव्हल थोडी उतरते, उरलेली हवा बाहेर येते म्हणून, रेघेपर्यंत भरा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या सकाळी पाणी रेघेवरच असेल आणि खाली पसरलेला पुठ्ठा कोरडा असेल, तर ट्रेचे ते वीस-पंचवीस स्क्रू लावायला घ्या. गंजलेले दोन तेवढे नवीन टाका.